दोन हमी : जालन्याच्या सार्वजनिक कामांचा थोडा इतिहास

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत कविता, पाककृती, विणकामाचे नमुने आणि वर्षभराच्या कार्याचा अहवाल हे सारे असतेच. त्याच्या जोडीला आपल्या जिल्ह्याच्या इतिहासाची चार पाने असावीत, या हेतूने हा लेख लिहिला आहे. इतिहास म्हटला म्हणजे राजे, लढाया आणि तह डोळ्यांपुढे उभे राहतात. परंतु बायकांच्या संसाराला ज्या इतिहासाने वळण दिले, तो बहुतेक वेळा निराळाच असतो. गावात नळ कधी आला, रस्ता कधी झाला, दुष्काळात हाताला काम कोणी दिले, हाच तो इतिहास. या गोष्टी सरकारी खजिन्यातून होतात, आणि खजिना म्हणजे अखेर आपलाच पैसा. तेव्हा तो पैसा आपल्या भागात कसा आला, कोणत्या अटींवर आला आणि कोणाच्या पदरात काय पडले, हे पाहावयास हवे.

या हकीकतीत ‘हमी’ हा एकच शब्द दोनदा येतो. पहिल्या वेळी ती हमी पैसेवाल्यांना दिली होती. दुसऱ्या वेळी कष्टकऱ्यांना. या दोन हमींच्या मध्ये सुमारे शंभर वर्षांचा काळ गेला.

पहिली हमी आगगाडीची. मनमाडहून औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड या मार्गाने सिकंदराबादेस जाणारी गाडी १९०० सालच्या सुमारास सुरू झाली. तिचे नाव ‘हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे’. आपला मुलूख त्या वेळी निजामाच्या राज्यात होता, आणि ही गाडी चालविणाऱ्या कंपनीचे नाव होते ‘निजाम्स गॅरंटीड स्टेट रेल्वे’. ही कंपनी १८८३ साली लंडनमध्ये उभी राहिली. नावातला ‘गॅरंटीड’ हा शब्द शोभेपुरता नव्हता. कंपनीच्या भांडवलावर वीस वर्षेपर्यंत शेकडा पाच दराने व्याज मिळेल, अशी हमी हैदराबाद सरकारने दिली होती. गाडीला उतारू मिळोत वा न मिळोत, भागधारकांचे व्याज चुकावयाचे नाही. कमी पडेल ते राज्याच्या तिजोरीने भरून द्यावयाचे. आणि ती तिजोरी भरत असे मुख्यतः शेतसाऱ्यावर, म्हणजे रयतेच्या घामावर.

हा करार लोकांना न सांगता होऊ नये, त्याच्या अटी उघड कराव्यात, अशी मागणी १८८३ साली हैदराबादेत झाली. त्या वेळी चांद्याकडे जाणाऱ्या मार्गाचीही योजना असल्यामुळे ‘चांदा रेल्वे योजना’ या नावाने ते प्रकरण गाजले. मागणी करणाऱ्यांत डॉ. अघोरनाथ चट्टोपाध्याय हे विद्वान गृहस्थ होते. निजाम सरकारने त्यांना राज्यातून हद्दपार केले. हे अघोरनाथ म्हणजे सरोजिनी नायडूंचे वडील. सरोजिनीबाई तेव्हा अवघ्या चार वर्षांच्या होत्या. सरकारी पैसा कोणत्या अटीवर खर्च होतो एवढे विचारणे हाच ज्या काळी गुन्हा ठरला, त्या काळी आपल्या गाडीचा पाया घातला गेला, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

याचा अर्थ गाडी वाईट होती असा मुळीच नाही. १८९९-१९०० चा मोठा दुष्काळ बहुतेक त्याच सुमारास पडला. बैलगाडीने धान्य यावयास आठवडे लागत, तेथे पुढच्या काळात ते दिवसांवर आले. मराठवाड्याचा कापूस मुंबईच्या बाजारास जोडला गेला. जालन्यात सरकी काढण्याचे व गठ्ठे बांधण्याचे कारखाने निघाले, आणि ‘जालना सोन्याचा पाळणा’ ही म्हण खरी वाटावी असा व्यापार वाढला. मात्र धान्य आणणारी गाडी धान्य नेऊही शकते. भाव जेथे चढा तेथे माल जाणार. म्हणून नुसता लोहमार्ग आला की भूक गेली, असे होत नाही. खरेदी करण्यासाठी गरिबाच्या हाती चार पैसे असावे लागतात. हा मुद्दा पुढे येणारच आहे.

१९३० साली निजाम सरकारने ही कंपनी विकत घेतली. १९४८ च्या सप्टेंबरात हैदराबाद मुक्त झाले. १९५१ साली ही रेल्वे मध्य रेल्वेत आणि १९६६ साली नव्या दक्षिण मध्य रेल्वेत गेली. पण गाडीचा रूळ मात्र तसाच अरुंद, मीटर गेजचा राहिला. मुंबईस जावयाचे म्हणजे मनमाडला उतरावयाचे, कडेवरचे मूल, वळकटी आणि फराळाचा डबा सांभाळीत दुसऱ्या फलाटावर जावयाचे, आणि मोठ्या गाडीत जागा मिळते का पाहावयाचे. मालाचीही तीच गत. प्रत्येक पोते एका वाघिणीतून उतरवून दुसरीत चढवावे लागे. रूळ रुंद होण्यास १९९० चे दशक उजाडावे लागले. स्वातंत्र्यानंतर एवढी वर्षे एका अरुंद रुळाने मराठवाड्याचा व्यापार अडवून धरला होता.

आता पाण्याकडे वळू. निजामाच्या राजवटीत पाटबंधाऱ्यांवर खर्च झाला नाही असे नाही. १९३१ च्या सुमारास मांजरा नदीवर निजामसागर हे मोठे धरण पुरे झाले. पण त्याचा लाभ तेलंगणाला मिळाला. मराठवाड्याची मोठी जमीन आभाळाकडे डोळे लावून राहिली. जालना शहरापुरते पाहिले तर कुंडलिका नदीवरचा घाणेवाडीचा तलाव हे त्या काळचे मोलाचे काम. आज आपण त्यास संत गाडगेबाबा जलाशय म्हणतो. तलाव शहरापेक्षा उंचावर असल्यामुळे पाणी आपल्या उताराने गावात येते. इंजिनाचा खर्च नाही, विजेची वाट पाहणे नाही. एकदा नीट विचार करून केलेला खर्च किती पिढ्यांना पुरतो, याचे हे उदाहरण होय.

स्वराज्य आल्यावर गोदावरी अडविण्याचा विचार जोराने पुढे आला. हैदराबाद राज्य असतानाच बीड जिल्ह्यातील जायकवाडी या गावाजवळ धरण बांधण्याची कल्पना निघाली होती. पुढे जागा बदलून पैठण ठरली, तरी नाव जायकवाडीच राहिले. १८ ऑक्टोबर १९६५ रोजी पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते पायाभरणी झाली आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधी यांनी धरणाचे उद्घाटन केले. शंकरराव चव्हाण यांनी या कामासाठी केलेले परिश्रम मराठवाडा जाणतो. धरणाची भिंत सुमारे दहा किलोमीटर लांब आहे, दरवाजे २७ आहेत आणि नाथसागरात सुमारे १०२ अब्ज घनफूट पाणी मावते. डावा कालवा २०८ किलोमीटर लांबीचा. तो आपल्या अंबड, घनसावंगी, परतूर या भागांतून पुढे परभणीकडे जातो. कोरडवाहू ज्वारी-बाजरीच्या शिवारात ऊस आणि गहू दिसू लागला तो या पाण्यामुळे.

परंतु नाण्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. नाथसागराखाली सुमारे ३५ हजार हेक्टर जमीन गेली आणि गोदाकाठची कित्येक गावे उठली. ज्या अंगणात तुळस लावली, ज्या घाटावर गौरी-गणपती बोळविले, ते सोडून बायकांनी नव्या माळावर चूल मांडली. महाराष्ट्र सरकारने प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा केला तो १९७६ साली, म्हणजे धरणाचे उद्घाटन झाले त्याच वर्षी. गावे उठली आधी, आणि कायदा झाला नंतर. सार्वजनिक कामाचा हिशेब मांडताना हा क्रम उलटा असावयास हवा होता, एवढे म्हणणे प्राप्त आहे.

शिवाय कालवा उताराने वाहतो; तो चढाला जात नाही. आपल्या जिल्ह्याच्या दक्षिणेकडे पाणी खेळले, तरी उत्तरेकडील भोकरदन, जाफराबाद या तालुक्यांना नाथसागराचा लाभ व्हावयाचा नव्हता. तेथील शेती पाऊस, विहिरी आणि केळना-पूर्णेच्या लहानमोठ्या तलावांवरच राहिली. एकाच जिल्ह्यात एका बहिणीच्या शेतात पाट आणि दुसरीच्या डोक्यावर हंडा, असे चित्र त्यामुळे दिसते.

धरणाचे काम चालू असतानाच १९७२ चा दुष्काळ आला. आपल्यापैकी ज्या वडीलधाऱ्या भगिनींनी तो पाहिला, त्यांना मिलो ज्वारी आणि सुकडी हे शब्द ऐकले की आजही सारे आठवते. मागील सालीही पाऊस अपुराच झाला होता. या साली तर शेते उभी वाळली. तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्याला, ज्यात आपले जालना होते, या दुष्काळाची झळ फार लागली. सरकारने जागोजाग कामे काढली. रस्ते, पाझर तलाव, बांधबंदिस्ती, खडी फोडणे अशी ही कामे होती. १९७३ च्या मे महिन्यात साऱ्या महाराष्ट्रात या कामांवरील मजुरांची संख्या पन्नास लाखांच्या घरात गेली. त्यांत स्त्रिया फार मोठ्या संख्येने होत्या. ज्या घरांतील बायका कधी उंबरठ्याबाहेर कामास गेल्या नव्हत्या, त्यांनीही डोक्यावर पाटी घेतली आणि हातात हातोडी धरली. आज आपण ज्या अनेक रस्त्यांवरून एस. टी. ने माहेरी जातो, त्यांची खडी त्या उन्हाळ्यात बायकांनी फोडलेली आहे. कोनशिलेवर त्यांची नावे नाहीत, इतकेच.

जुन्या काळीही दुष्काळी कामे निघत. पण ती निघावयाची सरकारच्या मर्जीने. दुष्काळ जाहीर झाला तर काम. नाही तर नाही. येथेच आपली दुसरी हमी येते. विधानपरिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी असा विचार मांडला की, खेड्यातील जो प्रौढ माणूस अंगमेहनतीचे काम मागेल त्यास ते देणे हे सरकारचे कर्तव्य मानावे. सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात विसापूर भागात १९६५ साली त्याचा प्रयोग झाला. वसंतराव नाईक यांच्या सरकारने १९७२ साली योजना राज्यभर नेली. लगेच दुष्काळ आल्यामुळे काही काळ दुष्काळी कामांनीच तिची जागा घेतली. पुढे १९७७ साली विधिमंडळाने रोजगार हमीचा कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला.

या कायद्याची रीत साधी होती. मजुराने नाव नोंदवावयाचे आणि काम मागावयाचे. पंधरा दिवसांत काम न दिल्यास सरकारने बेकारी भत्ता द्यावयाचा. काम शक्यतो गावाच्या जवळपास असावयाचे. मजुरी कामाच्या मापावर, म्हणून बाईला एक दर आणि पुरुषाला दुसरा असा भेद नाही. कामावर पिण्याचे पाणी, सावली आणि लहान मुलांना सांभाळण्याची सोय असावी, असेही ठरले. खर्चातील मोठा वाटा मजुरीवरच व्हावा, यंत्रांवर व सामानावर नव्हे, असा दंडक होता. कागदावरचे सारे प्रत्यक्षात उतरलेच असे नाही. हजेरीपटावर खोटी नावे, मजुरीला उशीर, पाळणाघराच्या नावाने झाडाला बांधलेली झोळी, अशा तक्रारी पुष्कळ झाल्या. तरीही काम मागणे ही याचना नसून हक्क आहे, ही गोष्ट कायद्याने प्रथमच मान्य केली. या कामासाठी पैसा उभा करण्याकरिता १९७५ साली व्यवसाय कर बसविण्यात आला होता. मुंबई-पुण्याच्या पगारदारांकडून तो घ्यावयाचा आणि तितकीच रक्कम सरकारने घालावयाची. शहरातील पगारातून जालन्याच्या माळावरील पाझर तलाव बांधला गेला, असे म्हटले तरी चालेल. २००५ साली संसदेने साऱ्या देशासाठी ग्रामीण रोजगार हमीचा कायदा केला, तेव्हा महाराष्ट्राचा हा अनुभव पुढे होता.

आता दोन्ही हमी शेजारी ठेवून पाहा. १८८३ ची हमी म्हणत होती की, नफा होवो वा न होवो, भांडवलास व्याज मिळेल. १९७९ ची हमी म्हणत होती की, पाऊस पडो वा न पडो, कष्टाला काम मिळेल. पहिली हमी कोणाला विचारून दिली नाही. विचारणारा हद्दपार झाला. दुसरी हमी लोकांनी निवडलेल्या सभागृहात चर्चा होऊन कायद्याने आली. मधल्या काळात काय घडले, तर लोकांचे राज्य आले. खजिना तोच; पण त्याची किल्ली कोणाच्या कमरेला, हा फरक झाला.

सरकारी खर्चाचा एक प्रकार मात्र डोळ्यांना दिसत नाही. तो म्हणजे संशोधनावरचा. दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेने ‘पुसा सावनी’ ही भेंडीची जात तयार केली. जालन्याचे बद्रीनारायण बारवाले यांनी तिचे बियाणे वाढविण्यापासून आरंभ केला आणि १९६४ साली महाराष्ट्र हायब्रीड सीड्स कंपनी, म्हणजे आपली महिको, स्थापन केली. सरकारी शास्त्रज्ञांनी काढलेल्या संकरित ज्वारी-बाजरीच्या जातींचे बियाणेही त्या दशकात शेतकऱ्यांपर्यंत पोहोचू लागले. १९९८ साली बारवाले यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. उद्योजकाचे कर्तृत्व त्यात आहेच. पण मूळ बी लोकांच्या पैशाने चालणाऱ्या संस्थेतून आले होते, हेही खरे. आणि संकरित कापसाच्या, भेंडीच्या शेतात एकेक फूल हाताने उकलून परागीकरण करणारे हात पुष्कळसे बायकांचे होते, हे आपणांस वेगळे सांगावयास नको.

१ मे १९८१ रोजी जालना जिल्हा स्वतंत्र झाला. औरंगाबादेतून जालना, अंबड, भोकरदन व जाफराबाद आणि परभणीतून परतूर असे पाच तालुके त्यात आले. पुढे बदनापूर, घनसावंगी व मंठा मिळून आठ झाले. जिल्हा झाल्याने कचेरी, न्यायालय, जिल्हा रुग्णालय जवळ आले. ज्या कामासाठी दिवस मोडून औरंगाबादेस जावे लागे, ते जवळच्या जवळ होऊ लागले. बाळंतपणाच्या अडचणीत पन्नास-साठ किलोमीटरचे अंतर किती मोठे असते, हे पुरुषांपेक्षा आपण अधिक जाणतो.

यानंतर २०१२-१३ चा दुष्काळ आला आणि त्याने आपल्या साऱ्या कामांची परीक्षा घेतली. जालना जिल्हा त्या वर्षी सर्वांत होरपळलेल्यांपैकी एक होता. घाणेवाडीचा तलाव आटला. मुलांसारख्या वाढविलेल्या मोसंबीच्या बागा जळाल्या. नाथसागरात उपयोगाचे पाणी जवळजवळ उरले नव्हते. वरच्या धरणांतून पाणी सोडावे लागले. शहरात टँकरभोवती हंड्यांच्या रांगा लागल्या. एवढे मोठे धरण असून असे का व्हावे? कारण गोदावरीवर नाशिक-नगरकडे जसजशी धरणे वाढली, तसतसे खाली येणारे पाणी घटले. २००५ च्या कायद्याने पाण्याचे समन्यायी वाटप करावयाचे ठरले होते. तरी वरच्या व खालच्या भागांचा वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०१६ साली न्यायालयाने समन्यायी वाटपाचे तत्त्व उचलून धरले. भिंत बांधली म्हणजे पाणी आपले झाले असे नव्हे. वाटणीचा नियम आणि तो पाळला जातो की नाही हे पाहणारा डोळा, ही दोन्ही तितकीच आवश्यक आहेत.

त्याच आपत्तीत एक समाधानाची गोष्टही घडली. घाणेवाडीचा तलाव गाळाने भरला होता. शहरातील नागरिकांनी पुढाकार घेऊन वर्गणी जमविली, यंत्रे लावली आणि गाळ काढण्यास आरंभ केला. शेतकऱ्यांनी तो सुपीक गाळ आपल्या शेतांत नेला. तलावाची साठवण वाढली आणि माळरानाची माती सुधारली. हे काम स्तुत्य खरेच; पण त्यातून एक प्रश्न उभा राहतो. नवे बांधावयास पैसा मिळतो, नारळ फुटतो, कोनशिला बसते. जुने राखावयास मात्र पैसा मिळत नाही, कारण गाळ काढण्याच्या कामाला कोनशिला नसते. घरातील बाईला हे चटकन कळेल. भांडे नवे आणले की चारजण पाहतात. रोज घासून ठेवणारीकडे कोणी पाहत नाही. परंतु संसार टिकतो तो घासण्यावर. पाझर तलावांचा गाळ, कालव्याची फुटलेली अस्तरे, शाळेचे गळके छप्पर, आरोग्य केंद्रातील रिकामे पद, ही सारी सार्वजनिक संसाराची न घासलेली भांडी आहेत.

अलीकडच्या काळात आपल्या जिल्ह्यातून मोठाली कामे गेली. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग, लांबी ७०१ किलोमीटर. त्याचा नागपूर-शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी आणि अखेरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. ३० डिसेंबर २०२३ रोजी जालना-मुंबई वंदे भारत गाडी सुरू झाली. ऑगस्ट २०२४ मध्ये जालना-जळगाव या नव्या लोहमार्गास केंद्र सरकारने मंजुरी दिली. ही कामे आनंदाचीच आहेत. मात्र अघोरनाथांना जो प्रश्न विचारता आला नाही, तो आपणांस विचारता येतो, आणि विचारला पाहिजे. काम कोणत्या अटींवर होत आहे? ज्यांची जमीन गेली त्यांचे काय झाले? आणि दहा वर्षांनी त्याची देखभाल कोण, कशातून करणार?

भगिनींनो, हे प्रश्न मुंबईच्या सभागृहातच विचारावयाचे असतात असे नाही. गोरेगावच्या वस्त्यांत पाणी यावे म्हणून झगडणाऱ्या मृणाल गोरे यांस लोकांनी ‘पाणीवाली बाई’ म्हटले. त्यांच्या कामाचा आरंभही आपल्या परिसरातील नळापासूनच झाला. आपल्या ग्रामसभेत आणि नगरपालिकेच्या जागी आता आलेल्या महानगरपालिकेत अंदाजपत्रक मांडले जाते. ते पाहावयास मागण्याचा आपणांस अधिकार आहे. आपल्या मंडळाने येत्या वर्षी एक काम हाती घ्यावे असे सुचवावेसे वाटते. आपापल्या गल्लीतील वा गावातील एक सार्वजनिक वास्तू निवडावी. ती पाण्याची टाकी असो, अंगणवाडी असो वा पाझर तलाव असो. ती कधी बांधली, कोणत्या योजनेतून बांधली, तिची दुरुस्ती शेवटची केव्हा झाली, हे विचारून एका वहीत लिहून ठेवावे. ज्या म्हाताऱ्या बायांनी १९७३ साली त्यावर पाटी वाहिली असेल, त्यांचे नावही त्याच पानावर लिहावे. पुढील स्मरणिकेसाठी ती वही फार उपयोगी पडेल, आणि दुरुस्तीचा अर्ज करावयाचा झाल्यास तेव्हाही.